लाटांनी आखलेला रस्ता

एखादा जुना रस्ता नेमका याच जागेवरून का गेला, असे वर्गात विचारले तर उत्तरे साधारण ठरलेली येतात. वाटेत बाजाराचे गाव असेल, नदीला उतार असेल, डोंगरात खिंड असेल, नाहीतर कुणा राजाने बांधून घेतला असेल. ही उत्तरे बरोबरच आहेत. पण काही रस्त्यांची आखणी माणसाने केलेलीच नसते. माणसाची पायवाट पडण्याच्या कितीतरी आधी ती निसर्गाने करून ठेवलेली असते. माणूस तिच्यावरून आधी चालतो, मग बैल-घोडे नेतो आणि शेवटी तिच्यावर डांबर ओततो.

अशा रस्त्याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात आहे. नायगारा नदीच्या काठी लुइस्टन नावाचे गाव आहे. तेथून पूर्वेला रॉचेस्टर शहरापर्यंत सुमारे १२० किलोमीटर लांबीचा जुना रस्ता जातो. त्याचे नाव 'रिज रोड'. आज त्याचा बराचसा भाग राज्य महामार्ग क्रमांक १०४ म्हणून ओळखला जातो. रिज म्हणजे वरंबा. उसाच्या शेतात सरीच्या कडेने मातीचा लांबट उंचवटा असतो ना, तसाच, पण कितीतरी मोठा. हा वरंबा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण तीन ते आठ मीटर उंच आहे आणि रस्ता त्याच्या माथ्यावरून धावतो. उत्तरेला सुमारे दहा किलोमीटरवर ऑन्टॅरिओ सरोवर आहे. वरंबा या सरोवराच्या काठाला जवळजवळ समांतर आहे. गंमत अशी, की सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ७५ मीटर उंचीवर आहे, तर वरंब्याचा माथा त्याहून चाळीस ते पंचावन्न मीटर वर.

या वरंब्यात खड्डा खणला तर काय सापडते? वाळू आणि गोटे. गोटेही कसे, तर कोपरे झिजलेले, गुळगुळीत. आणि ते ढिगासारखे अस्ताव्यस्त पडलेले नसून वाळूचा थर, बारीक गोट्यांचा थर, पुन्हा वाळू अशा थरांनी रचलेले. इतके निरीक्षण हाती आले की विचाराला सुरुवात करता येते.

गोट्यांची साक्ष

१८१० साली डेविट क्लिंटन या भागातून प्रवास करीत होते. न्यूयॉर्क राज्यातील हे मोठे पुढारी पुढे १८१७ साली राज्याचे गव्हर्नर झाले. हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत कालवा काढता येईल का, हे पाहण्यासाठी नेमलेल्या मंडळाचे ते सदस्य होते. हा लांबच लांब, सरळ आणि सारख्या उंचीचा वरंबा त्यांच्या नजरेत भरला. तो माणसांनी बांधलेला असणे शक्य नव्हते. नदीचा काठ म्हणावा, तर तेथे त्या दिशेने वाहणारी नदी नव्हती. क्लिंटन यांनी गोट्यांकडे पाहिले आणि अनुमान काढले, की हे पाण्याने घासलेले दगड आहेत. तेव्हा हा वरंबा म्हणजे कधीकाळी ऑन्टॅरिओ सरोवराचाच काठ असला पाहिजे.

क्लिंटन भूवैज्ञानिक नव्हते. त्या काळी भूविज्ञानाचा अभ्यासही बाल्यावस्थेत होता. तरीही दगडाचा आकार, थरांची रचना आणि वरंब्याची सारखी उंची या तीन गोष्टींवरून त्यांनी काढलेले अनुमान योग्य ठरले.

लाटा असा वरंबा कसा उभारतात ते पाहू. वादळात मोठी लाट काठावर आदळते तेव्हा ती वाळूबरोबर गोटेही वर ढकलते. लाट परतताना मात्र तिच्यातले बरेचसे पाणी गोट्यांच्या फटींतून खाली मुरते. त्यामुळे परतणाऱ्या पाण्याचा जोर कमी पडतो. ते वाळू खाली ओढून नेते, पण जड गोटे नेऊ शकत नाही. प्रत्येक वादळात थोडे थोडे गोटे वर साचत जातात. लाटा काठावर तिरप्या येत असतील तर हेच गोटे काठाकाठाने सरकतात आणि लहान खाड्यांची तोंडे बुजवून टाकतात. वेडावाकडा काठ हळूहळू सरळ होत जातो. पाण्याच्या बाजूला उतरती पुळण, माथ्यावर वरंबा आणि त्याच्या मागे अडकलेली दलदल अशी रचना तयार होते. रिज रोडच्या कडेने नेमकी हीच रचना आढळते.

पण यासाठी एक अट आहे. पाण्याची पातळी दीर्घकाळ एकाच उंचीवर टिकली पाहिजे. मे महिन्यात एखाद्या धरणाच्या काठी गेलात तर उघड्या पडलेल्या उतारावर एकाखाली एक अशा अनेक आडव्या रेघा दिसतात. पाणी उतरताना जिथे जिथे थोडे थांबले, त्याच्या त्या खुणा. पाणी कुठेच फार काळ थांबत नसल्याने त्या बारीक राहतात. आठ मीटर उंचीचा वरंबा व्हायचा तर पाणी शतकानुशतके एका पातळीवर राहायला हवे. मग प्रश्न उभा राहतो. आजच्यापेक्षा इतक्या उंचावर एवढे पाणी अडवून धरले कोणी?

बर्फाचे धरण

हा प्रश्न क्लिंटन यांच्या काळात सुटण्यासारखा नव्हता. ऑन्टॅरिओ सरोवराचे पाणी ईशान्येला सेंट लॉरेन्स नदीतून समुद्राला मिळते. त्या बाजूला एवढ्या उंचीचा डोंगर नाही. तेव्हा सरोवराची पातळी पन्नास मीटरने वाढवली तर पाणी तिकडून वाहून जाईल. काहींना वाटे, की हा सरोवराचा नव्हे तर समुद्राचाच जुना काठ असावा. पण वरंब्याच्या गोट्यांत समुद्रातले शंखशिंपले सापडत नव्हते.

उत्तर मिळाले ते हिमयुगाच्या कल्पनेतून. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ लुई अगासी यांनी १८३७ साली असे मांडले, की पृथ्वीच्या मोठ्या भूभागावर एके काळी बर्फाचे जाड थर पसरले होते. पुढील काही दशकांत उत्तर अमेरिकेतही त्याचे भरपूर पुरावे मिळाले. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हा हिमस्तर सर्वांत दूरवर पसरलेला होता. जवळजवळ सगळा कॅनडा आणि आजचे न्यूयॉर्क राज्य त्याखाली झाकले गेले होते. हडसन उपसागराच्या परिसरात त्याची जाडी तीन किलोमीटरच्या आसपास होती.

हवामान उबदार होऊ लागले तसा हिमस्तर वितळत उत्तरेकडे मागे सरकला. ऑन्टॅरिओ सरोवराचे खोरे मोकळे झाले आणि वितळलेल्या पाण्याने भरू लागले. पण ईशान्येला, सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यात, बर्फ अजून ठाण मांडून बसला होता. पाण्याचा नेहमीचा दरवाजा बंद होता. म्हणून पाणी चढत गेले. चढता चढता त्याला दुसरी वाट सापडली. सरोवराच्या आग्नेयेला आज रोम नावाचे शहर आहे, तेथील सखल जागेतून ते मोहॉक नदीच्या खोऱ्यात उतरले आणि हडसन नदीला जाऊन मिळाले.

आपल्या भाषेत सांगायचे तर बर्फ हे धरण आणि रोमची सखल जागा हा त्याचा सांडवा. धरण कितीही भरले तरी सांडव्याच्या उंचीवर पाणी थांबते. म्हणूनच या सरोवराची पातळी शतकानुशतके जवळजवळ स्थिर राहिली आणि लाटांना वरंबा रचायला वेळ मिळाला. या प्राचीन सरोवराला भूवैज्ञानिकांनी तेथील मूळ रहिवाशांवरून इरोक्वॉय सरोवर हे नाव दिले आहे.

सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी बर्फ आणखी मागे हटला. अधिक सखल वाटा उघड्या पडल्या, पाणी तिकडून निघून गेले आणि इरोक्वॉय सरोवर संपले. वरंबा तेवढा कोरडा मागे राहिला. सरोवराच्या दक्षिण, पश्चिम आणि उत्तर बाजूंना त्याच्या काठाच्या खुणा सापडतात. ईशान्येकडे मात्र काठ शोधत गेले तर तो हरवतो. कारण उघड आहे. त्या बाजूचा काठ बर्फाचा होता आणि तो वितळून गेला.

पायवाट, निर्वासित आणि गोट्यांची घरे

हा वरंबा वाट म्हणून इतका सोयीचा का ठरला? त्याच्या उत्तरेची सपाट जमीन म्हणजे प्राचीन सरोवराचा तळ. तेथे बारीक चिकणमाती आहे आणि पावसाळी दिवसांत ती पाय धरून ठेवते. दक्षिणेला ठिकठिकाणी दलदल होती. यांच्या मधोमध गोट्यांचा उंचवटा. त्यावर पडलेले पाणी लगेच मुरून जाते, चिखल होत नाही. शिवाय काठ हा पाण्याच्या पातळीवर तयार होत असल्याने या वाटेला चढ-उतार जवळजवळ नाहीत. आज रस्ता बांधताना आपण भराव घालतो, त्यावर खडी पसरतो, पाण्याचा निचरा पाहतो आणि उंची सारखी ठेवतो. ही चारही कामे लाटांनी आधीच करून ठेवली होती.

तेथील मूळ रहिवाशांनी हे फार पूर्वी ओळखले होते. इरोक्वॉय म्हणून परिचित असलेले, पण स्वतःला होडेनोशोनी म्हणवणारे लोक या वरंब्यावरच्या पायवाटेने ये-जा करीत. नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी तीच वाट रुंद केली.

१८१३ सालच्या डिसेंबरात या वाटेचे मोल वेगळ्याच तऱ्हेने कळले. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध चालू होते. १९ डिसेंबरला ब्रिटिश सैन्य नायगारा नदी ओलांडून आले आणि लुइस्टन गाव पेटवून देण्यात आले. गावकरी मुलाबाळांसह ऐन हिवाळ्यात रिज रोडने पूर्वेकडे पळाले. जवळच राहणाऱ्या टस्करोरा जमातीच्या थोड्या लोकांनी पाठलाग करणाऱ्यांना अडवून धरले, म्हणून अनेकांचे प्राण वाचले. टस्करोरा हे होडेनोशोनी संघातलेच. ज्यांची ही वाट मुळात होती, त्यांच्यातल्याच माणसांनी नवागतांना त्या वाटेवर वाचवले.

युद्ध संपल्यावर या रस्त्याने वस्ती वाढत गेली. १८१७ ते १८२५ या काळात ईरी कालवा खोदला गेला. त्याचे पहिले खोदकाम ४ जुलै १८१७ रोजी सुरू झाले ते रोम या गावी! कालव्यालाही सर्वांत सखल वाट हवी होती आणि इरोक्वॉय सरोवराच्या पाण्यालाही तीच हवी होती. दोघांनी एकच जागा निवडली यात नवल नाही.

कालव्यामुळे शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला आणि या भागात एक निराळीच बांधकामाची पद्धत रुजली. शेतात आणि सरोवराच्या काठी मिळणारे गोल गोटे आकारानुसार निवडायचे आणि चुन्यात एकावर एक ओळीने बसवायचे. १८२५ ते १८६० च्या सुमारास अशी शेकडो घरे, शाळा आणि चर्च उभी राहिली. रिज रोडवरच्या चाइल्ड्स या गावी १८३४ साली बांधलेले असे एक चर्च आजही जतन करून ठेवलेले आहे. हिमस्तराने दूरवरून आणलेले आणि लाटांनी घासलेले दगड त्याच्या भिंतीत ओळीने बसलेले दिसतात.

पाण्याची रेषा तिरपी कशी झाली?

आता या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग. वर आपण म्हटले, की रस्ता जवळजवळ समपातळीत आहे. हा 'जवळजवळ' शब्द निसटता कामा नये.

लुइस्टनहून रॉचेस्टरपर्यंत वरंब्याची उंची काळजीपूर्वक मोजली तर पूर्वेचे टोक सुमारे १५ मीटरने वर भरते. म्हणजे दर किलोमीटरला जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर. गाडीतून जाणाऱ्याला ते कळणारही नाही. पण सरोवराचा संपूर्ण काठ तपासला तर फरक ठळक होतो. कॅनडातील हॅमिल्टन शहराजवळ, म्हणजे पश्चिम टोकाला, प्राचीन काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ११० मीटरवर आहे. पूर्वेला वॉटरटाउन गावाजवळ तोच काठ २०० मीटरच्याही वर जातो. दोन्ही ठिकाणांत अंतर सुमारे तीनशे किलोमीटर.

सरोवराचे पाणी एका टोकाला नव्वद-शंभर मीटर उंच आणि दुसऱ्या टोकाला खाली, असे असू शकत नाही. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येते, यावर त्याचा पूर्ण भरवसा असतो. तोच भरवसा येथे ठेवायचा. काठ तयार झाला तेव्हा तो समपातळीतच होता. आज तो तिरपा आहे. म्हणजे नंतर जमीनच तिरपी झाली.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात या काठाचा पाठपुरावा केला आणि त्याचा तिरकसपणा मोजला. जमीन ईशान्येकडे वर उचलली गेली आहे, म्हणजे जिकडे हिमस्तर जाड होता आणि जास्त काळ टिकला तिकडे. याचा अर्थ असा लागतो, की बर्फाच्या प्रचंड वजनाने भूकवच खाली दबले होते. वजन कमी झाल्यावर ते पुन्हा वर येऊ लागले. जिथे जास्त दबले होते तिथे जास्त वर आले.

फोमच्या गादीवर बसून उठलो की खळगा लगेच भरून येतो. जमिनीला हजारो वर्षे लागतात. कारण भूकवचाखालच्या प्रावरणातील खडक घन असूनही दीर्घकाळच्या दाबाखाली अतिशय संथपणे सरकतो. भूकवच दबते तेव्हा खालचा हा पदार्थ बाजूला सरतो आणि वजन गेल्यावर सावकाश परत येतो. हे काम अजून संपलेले नाही. हडसन उपसागराच्या परिसरातील जमीन आजही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वर येते आहे. सरोवरांच्या काठांवरील पाणीपातळीच्या नोंदी तपासून ही हालचाल आजही चालू असल्याचे गिल्बर्ट यांनीच १८९८ साली दाखवले. त्यामुळेच अमेरिका आणि कॅनडा यांना या महासरोवरांच्या उंचीचा मूळ संदर्भ काही दशकांनी नव्याने ठरवावा लागतो. तसा तो १९५५ आणि १९८५ या वर्षांच्या नावे ठरवला गेला. बंदरातली खोली आणि पुराचा धोका यांचे हिशेब त्यावर अवलंबून असतात.

ऑन्टॅरिओ सरोवराचा पुढचा इतिहासही यावरून उलगडतो. बर्फाचे धरण गेल्यावर सरोवराची पातळी आजच्यापेक्षाही खाली गेली होती, कारण ईशान्येचे मुख तेव्हा दबलेले होते. मुखाकडची जमीन जसजशी उचलली गेली, तसतसे पाणी पुन्हा चढत आजच्या उंचीला आले.

याच सरोवराच्या पलीकडच्या काठावर, टोरांटो शहरात, डॅव्हनपोर्ट रोड आहे. तोही जुन्या पायवाटेवरचा रस्ता आणि तोही इरोक्वॉयच्याच काठावर. फरक इतकाच, की तेथे लाटांनी गोटे रचण्याऐवजी जमीन कापून कडा तयार केला. त्यामुळे रस्ता कड्याच्या माथ्याने न जाता पायथ्याने जातो. शेजारी कासा लोमा या वाड्याकडे चढणाऱ्या ११० पायऱ्या आहेत. त्या चढणारा माणूस प्राचीन सरोवराच्या काठावरून वर येतो, शहराच्या गजबजाटात त्याला ते जाणवत नाही इतकेच.

वर्गात करून पाहा

एक मोठी परात किंवा पसरट ट्रे घ्या. एका बाजूला ओल्या वाळूचा उतार करा. वाळूत थोडे बारीक खडे मिसळा. दुसऱ्या बाजूने पाणी भरा आणि फूटपट्टीने पाच-सात मिनिटे सारख्या लाटा करीत राहा. पातळी बदलू देऊ नका. मग रबरी नळीने पाणी हळूच काढून घ्या. वाळूवर एक आडवी पायरी उमटलेली दिसेल. हा झाला इरोक्वॉयचा काठ.

आता परातीच्या एका बाजूखाली वही सरकवा, म्हणजे ती वाळूच्या पायरीच्या लांबीच्या दिशेने थोडी कलेल. पुन्हा हळूहळू पाणी भरा. नवी पाण्याची रेषा आणि जुनी पायरी आता जुळणार नाहीत, एकमेकींना छेदतील. विद्यार्थ्यांना विचारा : पाणी तिरपे झाले की परात? हे उत्तर त्यांनी स्वतः दिले म्हणजे गिल्बर्ट यांनी केलेला युक्तिवाद त्यांनी स्वतः केला असे समजायला हरकत नाही.

प्राचीन काठाची रेषा म्हणजे १३ हजार वर्षांपूर्वी पाण्याने धरलेली एक पाणसळ आहे. ती होती म्हणून भूकवच दबते आणि उसळते हे मीटरमध्ये मोजता आले. पण या वरंब्याचा जो गुण वाटसरूंच्या उपयोगी पडला तोच त्याच्या मुळावरही आला. गोटे आणि वाळू बांधकामाला लागतात. म्हणून प्राचीन काठांचे हे वरंबे ठिकठिकाणी खणून नेले गेले आहेत. सांडवा, हिमस्तर आणि शतकानुशतकांच्या लाटा पुन्हा जुळून आल्याशिवाय त्यांची भरपाई होणार नाही. रिज रोडचा वरंबा बऱ्याच ठिकाणी टिकून राहिला, त्याचे एक साधे कारण म्हणजे त्याच्यावरून रस्ता जातो आणि चालू रस्ता सहसा कोणी खणून नेत नाही.